प्रौढ ऑटिस्टिक मुलांना घेऊन राज्य बदलताना : पुण्याहून बेंगळुरूला जाण्याची तयारी

शाळेच्या वयातलं ऑटिस्टिक मूल घेऊन दुसऱ्या राज्यात गेलं, तर तिथे पोहोचल्यावर काय शोधायचं हे तरी ठरलेलं असतं : शाळा. मूल अठरा-वीस वर्षांचं झालं की तो आधार संपतो. पंचविशीतला मुलगा सकाळी दहा ते दुपारी चार कुठे जाणार, कोणासोबत असणार, हाताने काय करणार, याची घडी आईवडिलांनी एकेक माणूस जोडत, वर्षानुवर्षं खपून बसवलेली असते. बदलीचा एक ईमेल येतो आणि ती सगळी घडी मोडते. म्हणून या लेखात घर शोधण्याचा मुद्दा बराच पुढे येतो. त्याआधी करायची कामं खूप आहेत.

उदाहरण पुणे ते बेंगळुरूचं घेतलं आहे. आमचं कुटुंब याच वाटेने गेलं आणि नोकरीसाठी किंवा तिकडे स्थायिक झालेल्या मोठ्या मुलाजवळ राहण्यासाठी अनेक मराठी कुटुंबं याच वाटेने जातात. आमच्या घरी दोघे आहेत, मुलगा आणि मुलगी, दोघेही ऑटिस्टिक, दोघेही विशीच्या पुढचे, आणि दोघांच्या गरजा एकमेकांच्या अगदी उलट. कायद्याचा भाग मात्र हैदराबाद, अहमदाबाद, इंदूर, कुठेही जाणार असाल तरी उपयोगी पडेल.

जाण्याचं कारण आधी स्पष्ट करा

नोकरीची बदली असेल तर तारीख कंपनी ठरवते, पण सगळ्या कुटुंबाने त्याच तारखेला निघायला हवं असं नाही. शक्य असेल तर एकाने पुढे जावं आणि दुसऱ्याने मुलांसोबत जुन्या घरी थांबावं. दोन घरांचा खर्च काही महिने जड जातो, तरी माझ्या मते तो सर्वांत सत्कारणी लागणारा खर्च आहे.

‘आमच्यानंतर मुलाकडे कोण बघणार’ या काळजीपोटी भावंडाजवळ जात असाल, तर त्या भावंडाशी आणि त्याच्या जोडीदाराशी उघडपणे बोला. जवळ राहणं, रविवारी दादाने फिरायला नेणं आणि पुढे कायदेशीर पालक होणं या तीन वेगळ्या जबाबदाऱ्या आहेत. एकीला होकार मिळाला म्हणजे तिन्हींना मिळाला असं धरू नका. आणि ज्याला हलवायचं आहे त्यालाही मत असतं. तो बोलत नसेल, तरी नव्या शहरात चार दिवस राहिल्यावर त्याची झोप, जेवण आणि चेहरा बरंच सांगून जातात.

दिवस आधी, घर नंतर

हातात निदान सहा महिने असावेत. त्यातला पहिला मोठा भाग दिवसाचं केंद्र शोधण्यात जाऊ द्या. नॅशनल ट्रस्ट ही ऑटिझम आणि बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्यांसाठीची केंद्र सरकारची संस्था आहे. तिच्या संकेतस्थळावर राज्य आणि जिल्ह्यानुसार नोंदणीकृत संस्थांची यादी मिळते. बेंगळुरूत स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ कर्नाटक, ‘आशा’ म्हणजे ॲकॅडमी फॉर सिव्हिअर हँडिकॅप्स अँड ऑटिझम, असोसिएशन ऑफ पीपल विथ डिसॅबिलिटी अशा जुन्या संस्था आहेत. चौकशीची सुरुवात तिथून करा. प्रवेश तिथे मिळाला नाही तरी शहरातल्या छोट्या केंद्रांची आणि पालकांच्या गटांची नावं तिथूनच कळतात. ऑटिझमसाठीची बहुतेक केंद्रं लहान मुलांची असतात, त्यामुळे फोनवर पहिल्याच वाक्यात वय सांगा. ‘घेतो’ असं उत्तर आलं तर पुढे विचारा : या वयाचे सध्या किती जण येतात? पुरुष मदतनीस आहे का? उंच, धिप्पाड मुलगा अस्वस्थ झाला तर तुम्ही नेमकं काय करता? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर गुळमुळीत आलं तर दुसरी जागा बघा.

भेटीची वेळ जेवणाच्या सुमाराची ठेवा. हस्तकलेच्या तासाला सगळीच केंद्रं छान दिसतात. डबे उघडतात, भांडी वाजतात, कोणी ताटावरून उठून जातं, तेव्हा तिथले लोक कसे बोलतात ते पाहा.

केंद्र पक्कं झालं की त्याच्याभोवती घर शोधा. बेंगळुरूत अंतर किलोमीटरमध्ये मोजून उपयोग नाही. सकाळी नऊला, कामाच्या दिवशी, स्वतः तो रस्ता करून पाहा. आउटर रिंग रोडवर तासभर अडकलेल्या गाडीत बसणं ज्याला सोसत नाही, त्याच्यासाठी केंद्रापासून चालत जाण्याइतकं जुनं, लहान घर हे लांबच्या नव्याकोऱ्या फ्लॅटपेक्षा कितीतरी बरं.

कागदपत्रं : काही सोबत येतात, काही मागे राहतात

इथे एकच कसोटी लावायची. जे केंद्र सरकारच्या कायद्याने मिळालं ते सोबत येतं, जे राज्याच्या योजनेतून मिळालं ते राज्यातच राहतं.

दिव्यांगत्वाचा दाखला सोबत येतो. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात ऑटिझमचा समावेश २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांत आहे, आणि त्याच कायद्याच्या कलम ५८ नुसार दाखला देशभर वैध असतो. नव्या राज्यात पुन्हा वैद्यकीय मंडळासमोर उभं राहून तपासणी करून घ्यायची गरज नाही. कोणी तसं सांगितलं तर हे कलम दाखवा. यूडीआयडी कार्डावरचा, म्हणजे दिव्यांगांच्या देशपातळीवरच्या ओळखपत्रावरचा, पत्ता स्वावलंबन पोर्टलवर बदलता येतो. मात्र दाखला कायमचा आहे की मुदतीचा, हे आजच बघून ठेवा. मुदत वर्षभरात संपत असेल तर नूतनीकरण पुण्यातच उरका, कारण जुने केसपेपर आणि ओळखीचे डॉक्टर तिथे आहेत.

कायदेशीर पालकत्वाकडे विशेष लक्ष द्या. मूल १८ वर्षांचं झालं की आईवडील आपोआप त्याचे कायदेशीर पालक राहत नाहीत. १९९९ च्या नॅशनल ट्रस्ट कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक समिती, जिला सगळे एलएलसी म्हणतात, ती पालक नेमते. हे प्रमाणपत्र केंद्रीय कायद्याखालचं आहे, त्यामुळे राज्य बदलल्याने ते रद्द होत नाही. पण पालक म्हणून मालमत्तेचा वार्षिक हिशेब ज्यांनी नेमणूक केली त्यांनाच, आर्थिक वर्ष संपल्यापासून तीन महिन्यांत द्यायचा असतो. म्हणजे बेंगळुरूत राहूनही एप्रिल ते जूनमध्ये पुण्याच्या समितीकडे हिशेब गेला पाहिजे. निघण्यापूर्वी समितीला नवा पत्ता लेखी कळवा आणि पोच घ्या. अर्ज अर्ध्यावर असेल तर तो पूर्ण होईपर्यंत मुलाचा पत्ता हलवू नका. दुसऱ्या जिल्ह्यात तो बहुधा पहिल्यापासून करावा लागेल.

एक गोष्ट मनापासून सांगते. प्रत्येक ऑटिस्टिक प्रौढाला पालक नेमण्याची गरज नसते. जो समजावून दिल्यावर स्वतः निर्णय घेऊ शकतो, सही करू शकतो, त्याला आधार द्या, त्याचा अधिकार काढून घेऊ नका. जिथे गरज आहे तिथे आई किंवा वडिलांसोबत भावंडाचंही नाव संयुक्त पालक म्हणून घालण्याचा विचार करा.

निरामय आरोग्य विमा हीसुद्धा नॅशनल ट्रस्टचीच योजना. वर्षाला १ लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण, आणि त्यात थेरपीचा खर्चही येतो. पत्ता व बँक खातं बदलून घ्या, आणि नूतनीकरण कोणत्या संस्थेमार्फत होतं ते बघून त्या संस्थेचा संपर्क ठेवा. घर लावण्याच्या गडबडीत नूतनीकरणाची मार्चअखेर निघून जाते. कंपनीच्या गटविम्यात २५ वर्षांवरच्या मुलांना बहुतेकदा वगळतात. दिव्यांग अवलंबितांसाठी अपवाद आहे का, हे नव्या कंपनीला रुजू होण्याआधी ईमेलवर विचारा. केंद्र सरकारच्या नोकरीतून निवृत्त झालेल्यांच्या कायम दिव्यांग मुलाला सीजीएचएस, म्हणजे केंद्र सरकारची आरोग्य योजना, वयाच्या अटीशिवाय मिळते. पुणे आणि बेंगळुरू दोन्हीकडे तिची केंद्रं आहेत, कार्ड बदलून घ्यावं लागतं.

आता मागे राहणाऱ्या गोष्टी. संजय गांधी निराधार अनुदान महाराष्ट्राच्या रहिवाशांसाठी आहे. निघताना तहसील कार्यालयाला कळवून ते बंद करा. महात्मा फुले जन आरोग्य योजना आणि एसटीची सवलत याही महाराष्ट्राच्याच. कर्नाटकातल्या दिव्यांगांच्या मासिक पेन्शनसाठी सेवा सिंधू पोर्टलवर किंवा नाडकचेरीत, म्हणजे तिथल्या स्थानिक महसूल कार्यालयात, नव्याने अर्ज करावा लागतो, आणि राज्याच्या योजनांना रहिवासाची अट असते. म्हणून महिन्याचा हिशेब मांडताना पहिल्या वर्षात राज्याकडून शून्य रुपये येतील असंच धरा.

आधारला जोडलेला पुण्याचा मोबाईल क्रमांक अजिबात बंद करू नका. आणि मुलाचं नाव मतदारयादीत असेल तर स्थलांतरासाठी फॉर्म ८ भरा. तो मतदार आहे, आणि घर बदललं म्हणून त्याचं मत हरवू नये.

औषधं

पुण्याच्या डॉक्टरांकडून एक सविस्तर पत्र घ्या. निदान, सध्याची औषधं, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे आधी कोणती औषधं दिली होती, ती का बंद केली, कशाने त्रास झाला. नव्या डॉक्टरांचे दोन-तीन महिने या एका परिच्छेदाने वाचतात. बेंगळुरूत निमहान्स ही मानसिक आरोग्य आणि मेंदूविकारांची राष्ट्रीय संस्था आहे हा मोठा आधार, पण तिथल्या बाह्यरुग्ण विभागात दिवस जातो आणि गर्दी असते. मुलाला न नेता पहिली फेरी एकट्याने करा, रांग कुठे, स्वच्छतागृह कुठे, शांत कोपरा कुठे ते पाहून या.

फिटची औषधं चालू असतील तर तोच ब्रँड तिकडे मिळतो का, हे दुकानात विचारून ठेवा. मिथाइलफेनिडेट हे लक्ष टिकवण्यासाठी दिलं जाणारं औषध शेड्यूल एक्समध्ये, म्हणजे कडक नियंत्रणाच्या यादीत येतं. विशेष परवाना असलेल्या मोजक्या दुकानांतच ते मिळतं आणि चिठ्ठीचे नियम कडक आहेत, त्यामुळे फोनवर चिठ्ठी मागवून भागणार नाही. स्थलांतराच्या आसपास डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय औषधात फेरफार नको. अस्वस्थता जागेची आहे की गोळीची, ते मग कोणालाच कळत नाही.

मुलांना सांगणं

‘फिरायला जातोय’ असं सांगून नेऊ नका. पहिल्या दिवशी ते सोपं जातं. चौथ्या दिवशी तो बॅग भरून दाराशी उभा राहतो, आणि त्यानंतर तुमच्या प्रत्येक ‘जाऊन येऊ’वर त्याचा संशय बसतो.

वाक्यं छोटी आणि खरी असू द्या. ‘आपण पुण्याचं घर सोडणार. बेंगळुरूच्या घरात राहणार. आई, बाबा, तू आणि ताई एकत्र राहणार. आजी पुण्यात राहणार. आजी फोनवर दिसणार.’ काय बदलणार याच्याइतकंच काय बदलणार नाही हेही सांगा : तोच पलंग, तीच पांघरुणं, तोच सकाळचा पोह्यांचा डबा, तेच रात्रीचं गाणं. नव्या घराचे, रस्त्याचे, केंद्राचे, तिथल्या ताईंचे फोटो काढून वही करा. त्यात लोकांचे चेहरे हवेत आणि दार कुठे उघडतं तेही दिसायला हवं. व्हिडिओमध्ये आवाज येऊ द्या. लिफ्टची घंटा, पाण्याच्या टँकरची मोटर, समोरच्या देवळाची घंटा, हे सगळं आधी कानावर पडलेलं बरं.

किती आधी सांगायचं? याचं एकच उत्तर नाही. मागच्या मोठ्या प्रसंगी, म्हणजे लग्न, ऑपरेशन किंवा घराच्या रंगकामाच्या वेळी, काय झालं ते आठवा. आमच्या मुलीला कॅलेंडरवर तारीख दिसली की शांत वाटतं, तिला महिने आधी कळलेलं चालतं. मुलाच्या डोक्यात तीच तारीख दिवसरात्र फिरत राहते, जेवण सुटतं. दोघे एकाच घरात असताना एकाला सांगून दुसऱ्यापासून लपवणं शक्य नसतं. अशा वेळी मुलीच्या खोलीत पूर्ण कॅलेंडर आणि मुलासाठी फक्त ‘या आठवड्यात काय’ एवढा तक्ता, अशी विभागणी करता येते. घरात खोकी आणण्याचंही तसंच. एकाला भरलेली खोकी समोर दिसली की आपलं सामान सुरक्षित आहे हे कळतं, दुसऱ्याला ती दिसली की घर नाहीसं होतंय असं वाटतं. ज्याला जास्त त्रास होतो त्याच्या नजरेबाहेर खोकी ठेवा, दुसऱ्याला त्याचं एक खोकं त्याच्या हाताने भरू द्या.

निरोपही हवा. केंद्रातले मित्र, रिक्षावाले काका, कोपऱ्यावरचा दुकानदार. ज्याला बोलता येत नाही त्याला निरोपाची गरज नाही, असं समजू नका.

आणि भाषा. तुमच्या मुलाचा स्वतःचा एक शब्दकोश असतो. तो ‘चल’ म्हणतो तेव्हा त्याला शौचाला जायचं असेल, एखादं गाणं गुणगुणतो तेव्हा कान दुखत असेल. कन्नड बोलणाऱ्या मदतनिसांना यातलं काहीच ठाऊक नसणार. एक पान तयार करा : त्याचा शब्द किंवा खूण, त्याचा अर्थ, आणि आपण काय करायचं. कोणाकडून तरी ते कन्नडमध्ये लिहून घ्या. उलट बाजूने, ‘नीरु’ म्हणजे पाणी, ‘ऊटा’ म्हणजे जेवण, ‘बेडा’ म्हणजे नको, ‘साकु’ म्हणजे पुरे, एवढे शब्द घरात आधीपासून कानावर पडू द्या. चित्रांवर बोट ठेवून बोलणाऱ्यांसाठी मुंबई आयआयटीत तयार झालेलं जेलो ॲप मराठीतही चालतं. वापरायचं असेल तर पुण्यातच सवय लावा, तिकडे गेल्यावर सुरुवात नको.

घर आणि खाणं

बेंगळुरूत अनामत रक्कम अनेक महिन्यांच्या भाड्याएवढी मागतात, म्हणून चुकीचं घर महागात पडतं. खिडक्यांना आणि बाल्कनीला जाळी बसवू देणार का, आतून लागणाऱ्या कड्या काढू देणार का, हे करार करण्याआधी विचारा. मालकाला आणि सोसायटीला मुलांबद्दल आधीच सांगावं, असं माझं ठाम मत आहे. रात्री कोणी ओरडलं तर शेजाऱ्यांना कारण ठाऊक असावं. हे ऐकून जो घर नाकारतो, त्याच्या घरात राहून सुख लागलं नसतं.

खाण्याचा बदल मोठ्यांना किरकोळ वाटतो. दूध चितळ्यांचं जाऊन नंदिनीचं येतं, पिशवीचा रंग बदलतो, चव बदलते. पाण्याची चव बदलते. सांबारात गूळ असतो. ज्याच्या ताटात मोजून सहा पदार्थ असतात, त्याला एवढ्याने उपास घडू शकतो. बेंगळुरूला चक्कर होईल तेव्हा तिथलं दूध, पाव, बिस्किटं आणून पुण्याच्याच टेबलावर, पुण्याच्याच पेल्यात द्या. पोहे, ज्वारीचं पीठ, ठरलेला मसाला दोन महिन्यांचा सोबत न्या.

सामान आणि प्रवास

मुलांची खोली सर्वांत शेवटी आवरा आणि तिकडे सर्वांत आधी लावा. आवरण्यापूर्वी प्रत्येक भिंतीचा फोटो काढा. पलंगाची दिशा, उशीची बाजू, कपाटातला क्रम तसाच हवा. चादरी धुऊ नका, ओळखीचा वास राहू द्या. हमाल येतील त्या दिवशी मुलं आजीकडे किंवा मावशीकडे असावीत. ट्रक तुमच्यानंतर दोन-तीन दिवसांनीही पोहोचू शकतो, म्हणून पांघरूण, ताट-पेला, हेडफोन, औषधं आणि ज्याच्याशिवाय झोप लागत नाही ती वस्तू अंगाबरोबर.

गाडीने जात असाल तर राष्ट्रीय महामार्ग ४८ ने साधारण ८४० किलोमीटर होतात. एका दिवसात करायचा अट्टहास नको. हुबळी-धारवाडला निम्मी वाट होते, मुक्काम तिथे करा. जेवणासाठी बेळगाव सोयीचं, तिथे मराठी बोलणारं कोणी ना कोणी भेटतंच. रेल्वेत बौद्धिक अक्षमता असलेल्या आणि सोबत्याशिवाय प्रवास करू न शकणाऱ्यांना भाड्यात सवलत आहे, सोबत्यालाही आहे. दाखल्यावर फक्त ऑटिझम लिहिलं असेल तर ती मिळेलच असं धरू नका, आधी चौकशी करा. विमानाने गेल्यास कंपनीला ४८ तास आधी कळवा. केवळ दिव्यांगत्वाच्या कारणाने विमानात बसू न देणं नियमात बसत नाही, आणि २०२२ मध्ये हा नियम आणखी स्पष्ट झाला आहे. बेंगळुरू विमानतळावर न दिसणाऱ्या दिव्यांगत्वासाठी सूर्यफुलाच्या चित्राची गळपट्टी मिळते. ती पाहून कर्मचारी घाई करत नाहीत.

ज्यांच्या मुलांना गाडीचा नंबर पाठ आहे, त्यांच्यासाठी एक सूचना : दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांहून जास्त ठेवलेल्या गाडीची नोंदणी बदलावी लागते. एमएच जाऊन केए येणार हे आधीच सांगा.

पहिले काही आठवडे

पहिल्याच दिवशी मुलाच्या खिशात कन्नड आणि इंग्रजीत नाव, ‘मला बोलायला अडचण येते’, आणि तुमचा क्रमांक असलेलं कार्ड हवं. जवळच्या पोलीस ठाण्यात फोटोसह जाऊन भेटा. चुकून बाहेर पडला तर तो नव्या रस्त्यांवर असणार, आणि तो बहुधा जुन्या घराच्या दिशेनेच निघालेला असतो : बस थांबा, रेल्वे स्थानक आधी पाहा. तातडीचा क्रमांक दोन्ही राज्यांत ११२ आहे.

केंद्रात सुरुवातीला अर्धाच दिवस ठेवा. दोघांना एकाच आठवड्यात सुरू करू नका. ज्याला जुळवून घेणं सोपं जातं तो आधी, म्हणजे दुसऱ्यासाठी घरी एक माणूस मोकळं राहतं.

झोप उडणं, कपडे ओले होणं, स्वतःला मारून घेणं, वर्षांपूर्वी सुटलेल्या सवयी परत येणं, हे होऊ शकतं. प्रत्येक वेळी ‘बदलामुळे’ म्हणून सोडून देऊ नका. आधी शरीर तपासा. बद्धकोष्ठ झालेलं असतं, दाढ दुखत असते, कानात मळ साठलेला असतो, आणि ज्याला दुखणं सांगता येत नाही तो ते वागण्यातून सांगतो. ते नाही असं कळल्यावरच बाकीचा विचार. सहा आठवड्यांनंतरही खाणं-झोप रुळावर येत नसेल तर नव्या डॉक्टरांची वेळ घ्या, थांबून राहू नका.

पुण्याला पहिली भेट देण्याची घाई नको. जाल तेव्हा कुठे उतरणार आणि कधी परत येणार हे कॅलेंडरवर लिहा, परतीचं तिकीट छापून त्याच्या हातात द्या. जुन्या घरात आता दुसरं कुटुंब राहत असेल, तर तेही निघण्याआधीच सांगा.